उभा पाय, उडता पाय

लाथ शिकायला आलेलं मूल पहिल्या दिवशी आपला पाय किती उंच जातो ते दाखवतं. बघणाऱ्यांची नजरही त्याच पायाबरोबर वर जाते. शिकवणाऱ्याने मात्र त्या क्षणी खाली बघायला हवं. जमिनीवर उरलेल्या पायाची बोटं मोकळी टेकली आहेत की आखडली आहेत, घोटा आतल्या बाजूला कलंडतोय का, गुडघा बोटांच्या रेषेत आहे का, टाच कुठल्या दिशेला वळली आहे, हे सगळं तिथे कळतं. वरचा पाय काय करू शकेल हे खालच्या पायाने आधीच ठरवलेलं असतं. पुढच्या पानांत लाथेचं जे तंत्र सांगितलं आहे ते याच समजुतीवर उभं आहे. पाय तयार करण्याचे जे व्यायाम दिले आहेत, त्यांतलेही निम्म्याहून अधिक उभ्या पायासाठी आहेत.

ही पुस्तिका जूचंद्र आणि आसपासच्या गावांतल्या मुलामुलींसाठी, त्यांच्या पालकांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्या तरुण प्रशिक्षकांसाठी आहे. जूचंद्र हे वसई तालुक्यातलं, नायगावच्या पूर्वेचं गाव. वसई रोडहून दिवा-पनवेलकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर त्याचं स्थानक आहे, टेकडीवर चंडिकादेवीचं मंदिर आहे, आणि त्याचं नाव दूरवर गेलं ते इथल्या रांगोळीकारांमुळे. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. या काळात आजूबाजूला इमारती वाढल्या. शेतं आणि मिठागरं मागे सरत गेली. कराटे, तायक्वांदो, किक बॉक्सिंगचे वर्ग त्या इमारतींच्या सभागृहांत आणि शाळांच्या आवारात भरू लागले. मुलं येतात ती दिवसभर बुटात कोंडलेले पाय घेऊन. त्यांच्या आजोबांचे पाय वेगळे होते, आणि तो फरक समजून घेतल्याशिवाय या गावात लाथ शिकवायला सुरुवात करू नये असं मला वाटतं.

त्या आजोबांच्या पिढीतल्या आगरी माणसाचं काम पायाने चालायचं. मिठागराच्या कोंडीचा तळ पाणी धरणारा हवा, म्हणून चिखल तुडवून तुडवून घट्ट करायचा. बांधावरून पाटी घेऊन चालायचं, आणि बांध अरुंद, कधी बुळबुळीत. पावसाळ्यात भाताची लावणी, म्हणजे पुन्हा चिखल. अशा कामात पावलाला क्षणाक्षणाला जमीन चाचपावी लागते: इथे मऊ आहे, इथे घसरेल, इथे वजन टाकता येईल. बोटं पसरतात, अंगठा जमीन दाबून धरतो, घोटा सतत सावरून घेतो. व्यायामशास्त्राने आता ज्याला पावलाचे आतले स्नायू म्हणून वेगळं नाव दिलं आहे, ते या लोकांनी वेगळा व्यायाम न करता कमावले होते.

रांगोळीकारांचंही तसंच. मोठी रांगोळी काढताना माणूस तासन्तास उकिडवा बसतो, टाचा जमिनीला टेकलेल्या, नडग्या पुढे झुकलेल्या. या बैठकीत घोटा पूर्ण वाकतो, खुब्याचा सांधा खोल उघडतो, पोटरी ताणली जाते. आता आमच्याकडे येणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलांपैकी कितीतरी जणांना टाचा टेकून उकिडवं बसता येत नाही. ती मागे कोलमडतात. ज्याचा घोटा वाकत नाही त्याला उभा पाय किंचित वाकवून त्यावर तोल धरता येत नाही. मग लाथ मारताना तो टाच उचलतो, कंबरेतून मागे झुकतो, आणि पाय उंच गेला तरी त्यात जोर राहत नाही. लाथेच्या वर्गात आधी उकिडवं बसायला लावतो ते यासाठी. दिवाळीत गावातली रांगोळी प्रदर्शनं बघायला जाल तेव्हा चित्रांबरोबर चित्र काढणाऱ्यांची बैठकही बघा.

मात्र कष्टाने घट्ट झालेल्या पायाचं नुसतं कौतुक करून चालणार नाही. कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणाऱ्या अगरियांविषयी अनेकांनी लिहिलं आहे. जन्मभर मिठाच्या पाण्यात उभं राहून त्यांचे पाय इतके टणक होतात की चितेवरही ते नीट जळत नाहीत, असं तिथे सांगितलं जातं. हे ऐकून कुणाला पाय कमावल्याचा अभिमान वाटू नये. ती भेगाळलेली, जखमांनी भरलेली, संवेदना हरवत चाललेली कातडी आहे. आपल्याकडेही मिठागरात राबलेल्या माणसांना पायाच्या भेगांनी आणि चिघळणाऱ्या जखमांनी कमी छळलेलं नाही. युद्धकलेच्या वर्गात ‘पाय कडक करणं’ या नावाखाली जे चालतं त्यात पुष्कळदा हीच गल्लत असते. बधिर पायाला बळकट पाय समजलं जातं. लाथ मारणाऱ्याला हवा तो पाय बळकट तर असावाच, पण त्याला जमिनीचा खडासुद्धा कळला पाहिजे.

आता लाथेकडे येऊ. गावातल्या मुलांना लाथ परकी नाही, कारण कबड्डी त्यांच्या अंगात आहे. चढाईपटू साखळीच्या तोंडावर जाऊन कोपरारक्षकाला बाजूची लाथ दाखवतो, पाठ वळवून मागची लाथ फेकतो, बोनस रेषेजवळ पायाचं टोक लांबवतो. आणि हे सारं करताना त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: पाय जितक्या वेगाने गेला त्याहून अधिक वेगाने परत आला पाहिजे, नाहीतर घोट्याला पकड बसते आणि चढाई तिथेच संपते. कराटेच्या वर्गात ‘पाय परत ओढ’ हे वर्षभर ओरडून सांगावं लागतं. कबड्डी खेळणाऱ्या मुलाला ते एकदा सांगितलं की पुरतं. म्हणून माझं प्रशिक्षकांना सांगणं आहे की कबड्डीच्या मुलाला ‘तुझं सगळं विसर’ असं म्हणू नका. त्याची परत येणारी लाथ तशीच ठेवा. बदलायचं ते इतकंच की कबड्डीत स्पर्श पुरतो, इथे स्पर्शाच्या पुढे वजन जायला हवं.

कबड्डी सोडली तर आपल्या स्वतःच्या परंपरेत लाथेला फारशी जागा नाही. कुस्तीत टांग आहे, पायाने पाय अडवणं आहे, पण लाथ मारणं नियमात बसत नाही. दांडपट्टा आणि लाठीत पवित्रे आहेत. तिथे पायाचं काम आहे ते जागा बदलण्याचं. मल्लखांबात तर पाय हाताचं काम करतात: दोरीच्या मल्लखांबावर अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोर धरून खेळाडू सगळं अंग तोलतो. पावलाची इतकी ताकद इतक्या बारकाईने वापरणारा दुसरा खेळ मला माहीत नाही, आणि लाथ शिकणाऱ्याने काही महिने दोरीचा मल्लखांब केला तर त्याच्या उभ्या पायाला नक्की फायदा होईल. दक्षिणेला केरळात कळरीपयट्टू शिकताना सुरुवातच पाय फेकण्याच्या प्रकारांनी होते, समोर, बाजूला, वर्तुळात. तिथे गुरू दोरीला धरून आपल्या तळपायांनी शिष्याच्या अंगाला तेल चोळतो. किती दाब द्यायचा, कुठे हलकं व्हायचं हे त्या तळव्याला कळावं लागतं.

आज आपण शिकतो त्या लाथा आल्या त्या मुख्यतः जपान आणि कोरियातून. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये ओकिनावाचं कराटे टोकियोत दाखवलं तेव्हा त्यातल्या लाथा बहुतेक कंबरेखालच्या होत्या. उंच आणि वळणाच्या लाथा नंतरच्या पिढीत वाढल्या, त्यात त्यांचे पुत्र योशिताका यांचा मोठा वाटा मानला जातो. कोरियाच्या तायक्वांदोने तर लाथेलाच मध्यभागी बसवलं. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून तो पदकांचा खेळ आहे. कराटे टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, तेवढं एकदाच आलं. पुढचा सगळा इतिहास इथे सांगत बसत नाही. त्यातली एकच गोष्ट आपल्या कामाची आहे: लाथ किती उंच मारायची हे गरजेने ठरलं तसंच गुणांच्या हिशेबानेही ठरलं. कराटेच्या जागतिक संघटनेच्या नियमांत हाताच्या प्रहाराला १ गुण, धडावरच्या लाथेला २ आणि डोक्यावरच्या लाथेला ३. तायक्वांदोत २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून इलेक्ट्रॉनिक छातीकवचं आली. मग खेळाडू पुढचाच पाय उचलून त्यानेच पुन्हा पुन्हा स्पर्श करू लागले, कारण यंत्राला तेवढं पुरत होतं. स्पर्धेत उतरणाऱ्याने हे जरूर शिकावं. पण नायगावच्या फलाटावर कुणी अंगावर आलं तर डोक्याएवढी लाथ मारायला जाणं म्हणजे एका पायावर, कदाचित चपलेत, ओल्या फरशीवर उभं राहणं. मुलींच्या स्वसंरक्षणाच्या वर्गांत उंच लाथा शिकवल्या जातात तेव्हा मला काळजी वाटते. तिथे नडगीवर, गुडघ्यावर, पावलावर टाचेने मारायची लाथ आधी यावी, आणि ती चप्पल घालूनच शिकवावी.

समोरच्या लाथेपासून सुरुवात करू. जपानी नाव माए गेरी, कोरियन नाव आप छागी. गुडघा आधी वर येतो, मग नडगी सुटते, चवडा लागतो, नडगी परत दुमडते, आणि मगच पाय खाली येतो. नवखा माणूस गुडघा पुरेसा उचलायच्या आधीच नडगी सोडतो, त्यामुळे पाय खालून वर घासत जातो आणि समोरच्याच्या कोपरावर किंवा ढोपरावर बोटं आपटतात. चवडा लागायचा तर बोटं मागे वळलेली हवीत आणि घोटा पुढे ताणलेला हवा. हे दोन्ही एकाच वेळी करणं बहुतेकांना जमत नाही. बोटं मागे ओढली की घोटाही मागे येतो. उपाय अगदी जवळ आहे. चवड्यांवर उभे राहा. टाचा उचलल्या की बोटं आपोआप वळतात आणि घोटा ताणला जातो. पावलाची हीच ठेवण हवेत न्यायची आहे. म्हणून चवड्यांवर उभं राहणं, चालणं आणि पायरीच्या कडेवर टाचा वरखाली करणं हे समोरच्या लाथेचे पहिले धडे आहेत. चंडिकेच्या टेकडीच्या पायऱ्या त्यासाठी उत्तम. चढताना चवड्यावर, उतरताना मात्र पूर्ण पाऊल टेकून.

वळणाची लाथ, मावाशी गेरी किंवा डोल्यो छागी, ही सगळ्यांची आवडती आणि सगळ्यांत जास्त गुडघे बिघडवणारी. वरचा पाय आडवा फिरतो तेव्हा कंबरही फिरते. कंबर फिरली की उभ्या पायाच्या मांडीचं हाडही फिरतं. आता पाऊल जर जमिनीला चिकटून राहिलं, तर तो सगळा पीळ मधल्या सांध्यात, म्हणजे गुडघ्यात येतो. गुडघा पुढेमागे वाकण्यासाठी आहे, पीळ सोसण्यासाठी नाही. आतल्या कूर्चेच्या गाद्या आणि स्नायुबंध तिथे फाटतात. म्हणून उभं पाऊल चवड्यावर फिरलं पाहिजे, टाच लक्ष्याकडे वळेपर्यंत. जुन्या मातीच्या मैदानात पाऊल सहज फिरायचं. आजच्या रबरी मॅटवर घामेजलेला तळवा चिकटतो आणि फिरणं अडतं. मॅट आली तिथे हा धोका वाढला, हे प्रशिक्षकांनी ध्यानात घ्यावं. वळणाची लाथ शिकवण्याआधी कित्येक दिवस नुसतं उभ्या पायाचं फिरणं शिकवावं, वरचा पाय गुडघ्यात दुमडलेला ठेवून. मुलं कंटाळतात. कंटाळू द्यावं.

बाजूच्या लाथेत टाच आणि पावलाची बाहेरची कड लागते. मागच्या लाथेत टाच. या दोन्हींत शरीराचं वजन सरळ रेषेत लाथेमागे उभं राहतं, त्यामुळे हलक्या बांध्याच्या मुलींनाही त्या फार उपयोगी. एका पायाचं वजन माणसाच्या वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढं असतं. ४८ किलोच्या मुलीचा पाय म्हणजे जवळपास ८ किलो. एवढं वजन वेगाने पुढे फेकलं की तेवढाच धक्का मागे येतो, आणि तो उभ्या पायाच्या तळव्यातून जमिनीत उतरतो. तळवा तो घेऊ शकला नाही तर मारणारीच मागे ढकलली जाते. खांबाला हात लावून मारलेली लाथ जोरदार वाटते आणि खांब सोडल्यावर तीच पोकळ वाटते, त्याचं कारण हेच.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते जी परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. आपल्याकडे चुकून कुणाला पाय लागला तर आपण लगेच त्याला हात लावून कपाळाला नेतो. अशा घरात वाढलेल्या मुलाला माणसावर लाथ उगारायला सुरुवातीला जड जातं, मुलींना तर अधिकच. काही प्रशिक्षक हा संकोच थट्टेने मोडू बघतात. तो तसा मोडू नये. ज्याला पाय लागण्याचं वाईट वाटतं तो जोडीदाराच्या अंगाशी लाथ थांबवायला लवकर शिकतो, आणि थांबवता येणं हेच लाथेवरचं खरं नियंत्रण आहे. पॅड धरणाऱ्याला आधी नमस्कार, मग लाथ; संकोच हळूहळू सैल होतो आणि आदर राहतो.

पाय घट्ट करण्याविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून त्यावर जरा थांबतो. बाटली किंवा लाटणं नडगीवर फिरवणं, नडगीवर काठीने ठोकणं, झाडाच्या खोडावर लाथा मारणं: हे व्हिडिओ बघून मुलं करतात. त्यामागे अशी कल्पना असते की हाडाला बारीक चिरा पडल्या की ते भरून येताना अधिक मजबूत होतं. हाड भाराप्रमाणे बदलतं हे खरं आहे. बर्लिनचे शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हे मांडलं. पण ते कसं बदलतं हे समजून घेतलं पाहिजे. भार वाढला की शरीर आधी जुनं हाड काढतं आणि मग नवं भरतं. घराची डागडुजी करताना आधी जुना गिलावा पाडतात, तसं. काढण्याचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं, भरण्याला मात्र तीन-चार महिने लागतात. म्हणजे अचानक जोराचा सराव सुरू केला तर पहिल्या महिना-दीड महिन्यात हाड आधीपेक्षा कमकुवत असतं. अंगात उत्साह भरलेला असतो, स्नायू जोर धरू लागलेले असतात, आणि नेमक्या त्याच वेळी हाड मोडतं.

हे जगाला कळलं ते सैनिकांच्या पायांवरून. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी लिहून ठेवलं की लांब कूच करणाऱ्या नव्या शिपायांची पावलं सुजतात आणि दुखतात. कारण त्यांना कळलं नव्हतं. रोएंटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले, आणि १८९७ मध्ये अशा पावलांची क्ष-किरण चित्रं काढल्यावर दिसलं की बोटांमागच्या लांब हाडांना तडे गेले आहेत. मार लागला नव्हता, पडणं झडणं नव्हतं. विश्रांती न देता वाढवलेल्या भाराने ते तडे गेले होते. लाथांचा सराव करणाऱ्यांत, दोरीवरच्या उड्या मारणाऱ्यांत आणि अनवाणी धावायला एकदम सुरुवात करणाऱ्यांत हेच तडे दिसतात. खूण लक्षात ठेवा: सर्वसाधारण ठणका ही थकव्याची खूण असते, पण एका बोटाने दाखवता येईल अशा जागी हाडावर दुखत असेल, रात्री पडल्यावरही दुखत असेल, तर सराव त्याच दिवशी थांबवायचा आणि डॉक्टरांकडे जायचं. तेल चोळून, पट्टी बांधून पुढे रेटायचं नाही.

थायलंडच्या मुष्टियोद्ध्यांच्या नडग्यांचा दाखला नेहमी दिला जातो. त्या नडग्या लहानपणापासून वर्षानुवर्षं जड पण मऊ बॅगवर लाथा मारून तयार झालेल्या असतात. मोठ्या माणसांनी तो मार्ग हवा तर धरावा: मऊ बॅग, निम्म्याहून कमी जोर, एक दिवसाआड, आणि महिन्यागणिक थोडी वाढ. मुलांनी नडग्या घट्ट करण्याला मात्र मी स्पष्टपणे नको म्हणतो. आठ ते चौदा या वयात टाचेच्या हाडाला वाढीची कूर्चेची पट्टी असते. याच वयात उड्या मारणाऱ्या, धावणाऱ्या मुलांच्या टाचा मागून दुखू लागतात, आणि गुडघ्याखाली नडगीच्या वरच्या टोकालाही दुखरा उंचवटा येतो. वाढत्या पायाला ठोकून घट्ट करण्याची काही गरज नाही. त्याला जमीन द्यावी, एवढंच पुरे.

जमीन द्यावी म्हणजे काय? अनवाणी चालू द्यावं. मणिपालचे राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी १९९२ मध्ये किनारी कर्नाटकातल्या २३०० मुलांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पायताण वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के. आपल्यासारख्याच हवेतल्या, आपल्यासारख्याच मातीवर वाढलेल्या मुलांचा हा अभ्यास आहे, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो. घरात अनवाणी, शाळेच्या मैदानात शक्य तितकं अनवाणी, रविवारी कळंब-राजोडीच्या वाळूत तासभर. भरतीरेषेजवळची ओली घट्ट वाळू आधी, मग वरची कोरडी भुसभुशीत. कोरड्या वाळूत पोटरी पहिल्याच दिवशी बोलते.

पावसाळ्याचं वेगळं आहे. वसईत पाणी तुंबतं हे कुणाला सांगायला नको. जुलै २०१८ मध्ये तर मिठागरांतल्या वस्तीतली शेकडो माणसं पाण्यात अडकली होती. अशा साचलेल्या पाण्यातून अनवाणी जाणं म्हणजे लेप्टोच्या तापाला बोलावणं, आणि पायाला बारीकशी भेग असली तरी तेवढी वाट पुरते. त्या महिन्यांत सराव आत, कोरड्या जागी. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या तर मॅटवर येऊ नये, कारण त्या दुसऱ्यालाही होतात. सरावानंतर पाय धुऊन बेचक्या पुसायच्या, तळवा आणि टाच यांना रात्री कोकमाचं तेल लावायचं. तळव्यावर घट्टे वाढू लागले तर दगडाने घासून ते पातळ ठेवायचे. जाड घट्टा मॅटवर अडकतो आणि कडेने फाटतो. मधुमेह असलेल्या मोठ्या विद्यार्थ्यांनी अनवाणी सरावाआधी डॉक्टरांकडून तळव्याची संवेदना तपासून घ्यावी. याला अपवाद नाही.

घोट्याविषयी एक गोष्ट उरली. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो, हा अनुभव कबड्डी खेळणाऱ्या प्रत्येक घरात आहे. ब्रिटिश शल्यविशारद फ्रीमन यांनी १९६५ मध्ये याचं एक कारण मांडलं. स्नायुबंध ताणला जातो तेव्हा त्यातून मेंदूला जाणारी सांध्याच्या स्थितीची खबरही तुटते. सूज उतरली, दुखणं थांबलं, तरी घोटा कुठे कलला आहे हे वेळेवर कळत नाही. डुगडुगत्या फळीवर उभं राहण्याचा सराव दिलेल्यांचे घोटे अधिक स्थिर झाले. म्हणजे घोट्याला ताकद हवी तशी खबरही हवी, आणि ती सरावाने परत मिळते. या पुस्तिकेत एका पायावर उभं राहण्याचे इतके प्रकार का आहेत, असा प्रश्न कुणाला पडला तर उत्तर इथे आहे. डोळे उघडे, डोळे मिटून, उशीवर, चेंडू झेलत, वरचा पाय पुढे-बाजूला-मागे सावकाश नेत.

पाय किती उंच जातो याविषयी पालकांना थोडं सांगतो. खुब्याच्या खोबणीची ठेवण जन्मजात प्रत्येकाची वेगळी असते. काही मुलांचा पाय बाजूने कधीच डोक्यापर्यंत जाणार नाही, आणि त्यात त्यांचा आळस नसतो. अशा मुलाच्या मांड्यांवर बसून, पाठीवर दाब देऊन त्याला जबरदस्तीने फाकवणारा प्रशिक्षक दिसला तर मुलाला तिथून उठवून आणा. समोरची लाथ आणि मागची लाथ कंबरेच्या उंचीवर चोख मारणारा मुलगा चांगला लाथ मारणारा आहे.

पुढची पानं क्रमाने वापरावीत. पहिल्या दोन आठवड्यांत लाथ एकही नाही: उकिडवं बसणं, चवड्यांवर चालणं, बोटांनी जमिनीवरचं फडकं ओढणं, एका पायावर उभं राहणं. तिसऱ्या आठवड्यापासून गुडघा उचलणं आणि उभ्या पायाचं फिरणं. पाचव्यापासून हवेतल्या लाथा, इतक्या सावकाश की मधे कुठेही थांबवता याव्यात. जिथे थांबता येत नाही तिथे तोल गेलेला आहे, ती जागा शोधून तिथेच काम करावं. जोडीदाराने या काळात समोर उभं न राहता बाजूला बसावं आणि फक्त खालचा पाय बघून सांगावं. बॅग टांगायची ती सातव्या आठवड्यानंतर, कंबरेच्या उंचीवर, आणि सुरुवातीला डाव्या-उजव्या पायाने दहा-दहापेक्षा जास्त लाथा नकोत.